जयेंद्रगंजच्या पुलाला पाहुणी आली

मित्रांनो, मी एक जुना दगडी पूल आहे, आणि मला बघायला कोणी पाहुणा आला की मला लाज वाटते. पाहुण्यांच्या येण्याने आनंद व्हावा अशीच माझी घडण झाली होती. तरीही वाटते ती लाजच. असे का, ते सांगतो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जयेंद्रगंजच्या एका गल्लीच्या टोकाला मी उभा आहे. माझ्याखालून स्वर्णरेखा वाहते. शिंद्यांच्या राज्यात पाथरवटांनी पिवळसर दगडाचे चिरे घडवून मला बांधले. दोन कमानी, आणि वर माणसाला टेकता येईल एवढ्या उंचीचा कठडा. तेव्हा खाली नदी होती. बायका पाणी भरत, मुले माझ्या कठड्यावरून उड्या मारत, आणि दक्खनेतून आलेले कोणी पाहुणे गावातल्या महाराज बाडा चौकाकडे निघाले की माझ्यावर क्षणभर थांबून म्हणत, "वा, काय जागा आहे!"

पुढे गावाचे सांडपाणी नदीत येऊ लागले. नदीचा नाला झाला. मग दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या आणि नाल्याचा कालवा झाला. पलीकडे मोटारींसाठी रुंद पूल झाला. माझ्यावरून आता पायी जाणारे आणि स्कूटरवाले तेवढे जातात, आणि जाता जाता बहुतेक जण नाकाला रुमाल लावतात. सकाळी देवपूजा आटोपली की निर्माल्याच्या पिशव्या माझ्या कठड्यावरून खाली पडतात. मला कोणी शिव्या देत नाही. माझ्याकडे कोणी बघतच नाही.

एक मुलगा मात्र माझ्याकडे येऊन उभा राहायचा. अभिराम त्याचे नाव. गल्लीतल्या रमाकांत आणि सरोजिनीबाईंचा हा मुलगा सिटी सेंटरमधल्या एका बँकेत नोकरीला आहे. इंदूरला एका लग्नात त्याची हेमांगीशी ओळख झाली. ती साताऱ्याची, शाळेत चित्रकला शिकवणारी. दोन्ही घरांत बोलणी सुरू झाली आणि अभिरामचे फोनही. घरात सगळ्यांचे कान टवकारलेले, म्हणून तो माझ्यावर येऊन बोलायचा.

"हो ना, पुलावरच उभा आहे," तो सांगायचा. "खाली नदी आहे ना. पाणी एकदम संथ. तू बघशील तर खूश होऊन जाशील."

खाली पाणी खरोखरच संथ असायचे. पिशव्यांनी अडवले होते त्याला.

पावसाळ्यात एका पहाटे पूर आला आणि सगळी घाण वाहून गेली. पाणी कमानींपर्यंत चढले. अभिराम धावत आला, त्याने माझा फोटो काढला आणि लगेच हेमांगीला पाठवला. दुपारपर्यंत पाणी उतरले. फोटो खोटा नव्हता, मित्रांनो. पण वर्षातला तो एकच दिवस त्याने पुढे रोज पुरवला.

आणि मी? मला ते ऐकायला गोड वाटत होते. किती वर्षांनी कोणी माझे कौतुक करत होते! ते खरे नाही हे मला ठाऊक होते, तरी मी संध्याकाळी त्याची वाट बघायचो.

दसरा झाला आणि हेमांगी तिच्या मामांबरोबर ग्वाल्हेरला आली. मामा रमाकांतरावांशी गप्पा मारत घरी बसले आणि अभिराम तिला गाव दाखवायला निघाला. त्याने तिला महाराज बाडा दाखवला, किल्ला दाखवला, सिटी सेंटरमध्ये कॉफी पाजली. फक्त माझ्याकडे तेवढे आणले नाही. घरी परततानाही तो तिला लांबच्या रस्त्याने नेई.

निघण्याच्या दिवशी सकाळी मात्र ती गल्लीच्या तोंडाशी थांबली. त्यांचे बोलणे मला ऐकू येत होते.

"अभिराम, मला तो पूल बघायचाय. स्केचबुक पण घेऊन आलेय."

"अगं, तो बंद आहे. रिपेअर चालू आहे त्याचं."

"मग लांबूनच बघू."

"धूप किती आहे बघ ना. नंतर कधी तरी जाऊ या."

तेवढ्यात गल्लीतला दौलतसिंह आपली ई-रिक्षा घेऊन तिथून चालला होता. हेमांगीने त्यालाच विचारले, "भैया, वो पत्थर वाला पुराना पुल किधर है?"

"नाले वाला?" दौलतसिंहने माझ्याकडे हात केला. "सामने ही तो है, मैडम."

तिने अभिरामकडे पाहिले. तो आपल्या चपलांकडे बघत होता. मग ती एकटीच चालत माझ्याकडे आली.

मित्रांनो, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे माणसे म्हणतात. मी तर जमिनीत रुतलेलाच आहे, मला कुठे जाता येणार? तिने कठड्यावर हात ठेवला आणि खाली वाकून पाहिले. काळे पाणी, त्यावर साय धरल्यासारखा फेस, प्लास्टिक, एक फाटकी गादी. एक डुक्कर चिखलात काही तरी उकरत होते. माझ्या कमानीच्या सांध्यात पिंपळ फुटला होता आणि त्याने दोन चिरे सरकवले होते. तिने सगळे बघितले. नाक झाकले नाही. झाकले असते तर मला जरा सोपे गेले असते.

अभिराम येऊन तिच्यामागे उभा राहिला. काही तरी बोलावे म्हणून त्याने तोंड उघडले, तोच पलीकडून सरोजिनीबाई आल्या. त्यांच्या हातात पिशवी होती. पूजा उरकून, रोजच्या सवयीने, खाली मान घालून त्या आल्या, कठड्यापाशी थांबल्या, पिशवी सोडली आणि हात जोडले.

पिशवी पाण्यात बुडाली नाही. गाळावर आपटून फुटली. झेंडूची फुले त्या काळ्या चिखलावर पसरली.

सरोजिनीबाई वळल्या आणि समोर होणारी सून.

"अगं, तू... तू इकडे कशी?" त्यांनी हात पदराला पुसले. "ते देवाचं असतं ना गं. कचऱ्यात कसं टाकायचं?"

हेमांगीने फक्त खाली पाहिले. मग सरोजिनीबाईंनीही पाहिले. इतक्या वर्षांत त्या माझ्यावरून खाली पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला, आणि त्या पदर सावरत घराकडे गेल्या.

"आईला माहीत नव्हतं की तू इथे येऊन जाशील," अभिराम हळूच म्हणाला. "मी तुला सांगणारच होतो."

"कधी?"

"तू नाही म्हणशील अशी भीती वाटत होती. अशा जागी कोण येईल, सांग ना?"

"वासाची सवय मला झाली असती रे," हेमांगी म्हणाली. "आमच्या गावचा ओढा काय फार वेगळा आहे? पण मी इथे आल्यापासून तू मला लांबून लांबून फिरवतोयस. उद्या घरातलं काही दाखवायला लाज वाटली, तर तिथूनही मला असंच फिरवशील?"

ती स्केचबुक न उघडताच निघून गेली. दुपारच्या गाडीने मामाभाची साताऱ्याला परतली. "विचार करून कळवतो," असे मामा म्हणाले, हे मला गल्लीतल्या बोलण्यातून समजले. असे कळवणारे काय कळवतात ते सगळ्यांना माहीत असते.

ते दिवस मला फार जड गेले. माझ्यामुळे एका घरातले कार्य मोडले असे मला वाटत होते. पुलाने दोन काठ जोडायचे असतात.

दुसऱ्या दिवशी सरोजिनीबाई नेहमीच्या वेळी पिशवी घेऊन आल्या. कठड्यापाशी बराच वेळ थांबल्या, आणि पिशवी तशीच हातात घेऊन परत गेल्या. पुढे त्या निर्माल्य घरामागच्या जास्वंदीच्या आळ्यात पुरू लागल्या. बाकीच्यांच्या पिशव्या पडतच राहिल्या.

अभिराम रोज येऊन हेमांगीला फोन लावायचा. पलीकडून कोणी उचलायचे नाही. तरी तो यायचा. एका सकाळी तिने उचलला. या वेळी त्याने फोन कानाला लावला नाही, कॅमेरा खाली वळवला.

"आज काय दाखवतोयस?" तिचा आवाज आला.

"जे आहे ते. हे पाणी. हा पाइप इथे उघडा पडलाय, घाण इथूनच येऊन राहिलीय. ही ती गादी, अजून इथेच आहे."

ती म्हणाली, "कमानीतला तो पिंपळ मोठा होतोय. काढला नाहीस तर तो पूल फोडेल."

"पिंपळाला हात लावायला कुणी तयार होत नाही गं."

"तू तयार आहेस का?"

त्या रविवारी अभिराम कमरेला दोर बांधून खाली उतरला. वरून रमाकांतराव आणि दौलतसिंहने दोर धरला होता. त्याने पिंपळ मुळासकट सोडवून काढला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी नेऊन लावला. सरकलेल्या चिऱ्यांच्या फटी चुन्याने भरल्या. वर आला तेव्हा तो इतका माखलेला होता की सरोजिनीबाईंनी त्याला दारातच आंघोळ घातली. हे सगळे हेमांगीने फोनवर पाहिले.

लग्न माघात झाले.

तुम्हाला वाटेल, आता नदी स्वच्छ झाली असेल. नाही, मित्रांनो. पाइप अजून उघडा आहे. वास तसाच आहे. गल्लीतली तीन-चार घरे पिशव्या टाकेनाशी झाली, एवढेच.

मागच्या महिन्यात मामा दोघा भाच्यांना घेऊन ग्वाल्हेर बघायला आले. हेमांगी स्वतः त्यांना माझ्यावर घेऊन आली. माझ्या कमानी कशा बांधल्या, चिरे कसे बसवले, ते तिने समजावून सांगितले. मामांनी कठड्यावरून वाकून पाहिले आणि तोंड फिरवले.

"काय ही दशा केलीय! इथल्या लोकांना लाज कशी वाटत नाही?"

"वाटते, मामा," हेमांगी म्हणाली. "आम्हीच केलंय हे."

आम्ही! तिने तर माझ्या पाण्यात कधी एक फूलही टाकले नव्हते. जे वर्षानुवर्षे टाकत आले, त्यांच्या तोंडून मी हा शब्द कधी ऐकला नव्हता. मी दगडाचा नसतो, तर त्या क्षणी माझी मान खाली गेली असती.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादा ओढा, एखादा पूल, एखादा घाट असेल. पाहुणे येणार म्हटले की तुम्ही त्यांना दुसऱ्या रस्त्याने न्याल. नेऊ नका. त्यांना तिथेच आणा, त्यांच्या शेजारी उभे राहून खाली बघा. आणि तेव्हा जी लाज वाटेल, ती पाहुणे गेल्यावरही थोडी जपून ठेवा.