बोडक्या टेकडीवरचा मुक्काम

देवीलालला खोटं बोलता येत नाही हे अख्ख्या तांड्याला माहीत, आणि नेमकी त्याच्यावरच ती वेळ आली. वणीच्या डॉक्टरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, भावाच्या छातीत आता काही उरलं नाही, घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. धाकटा भाऊ बाबूसिंग बाहेर बाकावर धापा टाकत बसलेला. "काय म्हणे?" त्यानं विचारलं.

"महिनाभर आराम कर म्हणे. मंग घोडीवर बसला तरी चालन."

झालं! घोडीचं नाव काढायलाच नको होतं. मारेगावजवळच्या त्यांच्या तांड्यात दोघा भावांच्या दोन घोड्या होत्या, वरातीत नवरदेव मिरवायच्या. त्यांचा पणजा बैलांवर मीठ लादून ज्या रानवाटेनं पैनगंगेपर्यंत जायचा, त्या वाटेनं एकदा घोड्यांवरून जायचं, मुक्काम करत करत जायचं, हे दोघांचं लहानपणापासूनचं खूळ. कधी लगीनसराई आडवी आली, कधी कापूस. आता बाबूसिंगनं ते असं धरलं की सोडता सोडेना.

रोज दुपारी बाजेवर उशांना टेकून तो सुरू करी. "मेखा लोखंडी घेजो भिया, लाकडाच्या त घोड्या उपटून टाकते. चण्याचं पोतं तुह्या घोडीवर, ताडपत्री अन् भांडी माह्या." मध्येच खोकल्याची उबळ येई, त्याची बायको मानीबाई पाठ चोळी, आणि दम परत आला की गडी पुन्हा रानात हजर. वाघाचा विषय निघाला, रात्रभर शेकोटी कोण राखणार? देवीलाल म्हणाला, मी जागतो. घोड्यांना नवे नाल ठोकायचे? ठोकू. चहाची किटली मोठी घ्यायची? घेऊ.

मानीबाईला सारं ठाऊक होतं. तिनं देवीलालला गोठ्यामागं गाठलं. "काहून फसवून राह्यले तुमी त्याईले? जायाचा दिवस उगवन, तवा काय सांगसान?"

"तो दिवस उगवाच्या आधीच..." देवीलालच्या तोंडून निघालं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. सख्ख्या भावाच्या मरणावर भिस्त ठेवून बसला होता तो. मानीबाई शेण भरायला लागली.

त्याच दुपारी बाबूसिंग म्हणाला, "मुकुटबनच्या अलीकडं ते बोडकी टेकडी नाही का? दुसरा मुक्काम तिथं टाकू. हवा मस्त असते."

"टाकू."

"घोड्या बी वरतीच बांधू."

"हो, वरतीच."

बाबूसिंग उशांवरून सरळ होऊन भावाच्या तोंडाकडं पाहू लागला.

"भिया, त्या टेकडीवर पाणी कुठी आहे?"

देवीलाल इथं सापडला. बंजाऱ्याचं लेकरूसुद्धा आधी पाणी पाहतं, मग पाठ टेकतं. बिनपाण्याच्या जागी जनावर बांधायला हो म्हणणारा त्यांच्या सात पिढ्यांत कोणी झाला नसेल. आणि देवीलाल तर असा, की नाल्याकाठी मुक्काम ठरला तरी नाल्याच्या कोणत्या बाजूला, यावर दोन दिवस भांडेल.

"महिन्याभरात तू माह्याशी एकडाव भांडला नाही," बाबूसिंग म्हणाला. "मले तवाच समजाले पाह्यजे होतं. डॉक्टर काय म्हणे, खरं सांग."

देवीलाल, साठीतला माणूस, बाजेचा खूर धरून लेकरासारखा रडायला लागला. बाबूसिंगनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वजनच राहिलं नव्हतं.

"राहू दे. समजलं," तो म्हणाला. "आता नीट ठरव. मुक्काम खाली नाल्यापाशी टाक. दोन्ही घोड्या ने, एकटी मागं राह्यली त खुटा तोडते ते."

"मी एकटा कायले जाऊ? मले नाही जायाचं कुठीच."

"माही राख पैनगंगेत सोडाले कोणाले तरी जाच लागन ना." त्याला दम लागला. देवीलालनं पाणी पुढं केलं, ते त्यानं बाजूला सारलं. "पोरं म्हणतीन, एस.टी.नं जा, दोन घंट्यात होते. त्याईचं ऐकू नको. दोन घंट्यात सरून जाईन मी. तू चार दिवस लाव."