आकृती १७

१९९८ साली मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करत होते आणि चोरून कॉमिक्स काढत होते. आठ पानांचं, झेरॉक्सचं, माझ्याच आयुष्यावरचं. मेसची आमटी, रूम पार्टनर प्रेरणाची भांडणं, सुट्टीत गडहिंग्लजला मला बघायला आलेले पाहुणे. होस्टेलवर तीस प्रती फिरायच्या. काढतं कोण, हे फक्त प्रेरणाला आणि झेरॉक्सवाल्या ज्ञानूला ठाऊक होतं.

चित्रकला मी शिकले नव्हते. पानाचा छेद काढतात तसाच मी माणूस काढायचे: टोकदार पेन्सिल, सावलीऐवजी ठिपके, उजवीकडे बाण, बाणापुढे नाव. बघायला आलेल्या एका मुलाला अकरा बाण होते. पैकी तीन मिशीला.

प्रोजेक्ट जमा करायच्या शेवटच्या दिवशी ज्ञानूकडून बाइंडिंग करून घेतलं.

"तुमचं एक पान मागं ऱ्हायलंतं ताई," तो म्हणाला. "बाण हाईत, नावं हाईत. म्हटलं ह्यातलंच की. घातलं मधी."

घाईत मी "बरं" म्हणाले आणि पळाले. ऑफिस पाचला बंद होणार होतं. त्याआधी गाइड घोरपडे मॅडमची सही मिळाली नसती, तर परीक्षा सहा महिने लांबली असती.

साडेचारला मॅडम एकेक पान उलटत होत्या. सोळाव्या आकृतीनंतर थांबल्या. मीही वाकून पाहिलं.

'जेवणानंतर मार्गदर्शक. क: मान, झुकलेली. ख: चष्मा, घसरलेला. ग: तोंड, अर्धोन्मीलित.'



"शांभवी, सगळा प्रोजेक्ट इंग्रजीत आणि ही आकृती मराठीत का?"

मी पान उलटायला हात पुढे केला; मॅडमनी तो बाजूला सारला.

"प्रमाण लिहिलेलं नाही. आणि माझा चष्मा गोल आहे होय? हे आठवणीतनं काढलंयस."

"हो मॅडम."

"आठवणीतनं काढलेल्या आकृतीवर मी सही करत नाही. समोर बघून काढ."

असं म्हणून त्यांनी मान झुकवली, चष्मा नाकावर ओढला आणि डोळे मिटले.

मी जुनी आकृती खोडली, पेन्सिलला टोक केलं. चष्मा चौकोनी काढला. खाली 'प्रमाण: एकास चार' लिहिलं. पावणेपाचला आकृती पूर्ण झाली.

"मॅडम."

मॅडम खरोखरच झोपल्या होत्या.

मी खाकरले. खुर्ची सरकवली. हर्बेरियमचा, वाळवून चिकटवलेल्या रोपांचा, जाड गठ्ठा टेबलावर आपटला. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे. पाचला चार मिनिटं कमी होती.

"ओ मॅडम! उठा की! सही ऱ्हायली!"

कॉरिडॉरमधून शिपाई आकाराम धावत आला. मॅडम दचकून उठल्या, सही केली, मग आकृती निरखून पाहिली.

"हां, आता बरोबर. पण हे 'घ: घोरणे, सलग' कशाला? मी घोरत नाही."

मी आकारामकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

"समोर बघून काढलंय मॅडम," मी म्हणाले आणि ऑफिसकडे पळाले.