गाडे वस्तीच्या वाटेवरचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. रुग्णवाहिकेच्या टपावर बसून ओरडणं हे माझं काम. कारखान्यातून निघालो तेव्हा लालभडक होतो. माझी पहिली गाडी कधीच भंगारात गेली. मला तेवढं काढून या दुसऱ्या गाडीवर बसवलं.

मित्रांनो, माझा आवाज कुणालाच आवडत नाही. मी आलो की पोरं कान झाकतात आणि मोठी माणसं देवाचं नाव घेतात. मला पुसून साफ करायचं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. एकदा गांधीलमाश्यांनी माझ्या तोंडात घर केलं होतं! माझा स्वभाव आधीच काळजीचा. ऐन वेळी आवाज बसला तर काय, याच चिंतेत मी असतो.

गेल्या हिवाळ्यात, ऊसतोड चालू असताना, संगमनेरजवळच्या गाडे वस्तीवरून फोन आला. शकिला नावाची बाई अडली होती. बाळ पायाळू, म्हणजे पायाकडून येत होतं. चालक कानिफनाथ आणि डॉक्टर पंकजाताई लगेच निघाले. पण गाडे वस्त्या दोन, कालव्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. आम्ही नेमके चुकीच्या वस्तीकडे वळलो. दोन्ही बाजूंना उंच ऊस, काही दिसेना.

फोनवर शकिलाची शेजारीण बनुबाई होती. ती एकदम ओरडली, "आवं, तुमचा भोंगा लांब चाललाय! मागं फिरा!"

कानिफनाथने गाडी वळवली. "आता जवळ येतोय का, मावशी?"

"व्हय, व्हय... थांबा, आता काय बी ऐकू येईना!"

समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता आणि त्यावर गाणी दणाणत होती. मी जीव तोडून ओरडलो, पण त्या गोंगाटात माझं कोण ऐकणार? मला रडूच यायचं बाकी होतं.

"दादा, गाणी बंद कर! बाई अडलीय!" कानिफनाथ खिडकीतून ओरडला. ट्रॅक्टरवाल्याने घाबरून गाणी बंद केली.

"आला, आला!" फोनवर बनुबाई म्हणाली. "हिरीपाशी डावीकडं वळा!"

शकिलाला आणि बनुबाईला घेऊन आम्ही दवाखान्याकडे निघालो. अर्ध्या वाटेत पंकजाताई म्हणाल्या, "कानिफनाथभाऊ, भोंगा बंद करा."

माझं काळीज धसकलं. दवाखाना यायच्या आत मला बंद करतात, तेव्हा बहुधा घाई करण्यासारखं काही उरलेलं नसतं. मी गप्प झालो. बाळ गाडीतच जन्मलं होतं, पण रडलं नव्हतं. ताईंना त्याच्या छातीचे ठोके ऐकायचे होते म्हणून मला बंद केलं, हे मला मागाहून कळलं.

मग एक बारीकसा ट्यँहा ऐकू आला, आणि पाठोपाठ चांगला मोठा.

"बया, ही तर भोंग्याला बी मागं टाकील!" बनुबाई रडत रडत हसली.

मित्रांनो, मी ओरडताना ऐकू आलो की गाणी बंद करा, गाडी बाजूला घ्या. फोन करून आम्हाला बोलावलंत तर फाट्यावर कुणाला तरी उभं करा. गाडीत कदाचित असं कुणी असेल, जे अजून पहिल्यांदा रडलेलंही नाही.