मेहुण्याने लावलेली बाराखडी

नानांचा सलूनमधला हात एक नंबर, पण डोक्यात काही म्हणून राहायचं नाही. मागच्या खेपेला गिऱ्हाइकाशी काय बोललो, ते काही केल्या आठवत नसे. म्हणून त्यांनी आरशाशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक फाइल केली. नुसता साधा मजकूर. रंग नाहीत, चौकटी नाहीत. एका ओळीवर नाव, खाली कटिंग कशी, त्याखाली बोलायचं काय. फडकं झटकता झटकता नाना ते वाचून घेत. लोक म्हणत, "किती जिव्हाळ्याने विचारतात हो!"

त्यांचा मेहुणा वाचनालयात पुस्तकांच्या याद्या करायचा. एका सकाळी तो दाढीला आला. नाना पाणी तापवायला आत गेले, तेवढ्यात त्याला ती फाइल दिसली.

"भावोजी, काय हा पसारा! दिली लावून. सगळ्या ओळी बाराखडीप्रमाणे."

"सगळ्या?"

"एकूण एक. सेव्हसुद्धा केली."

नानांनी पाहिलं. नावं कुठे, मिशा कुठे. मधेच लागोपाठ तीन ओळी होत्या:

कुत्रा वारला, विषय काढू नये.
कुत्र्याची चौकशी करावी, खूश होतात.
केस अजून भरपूर आहेत असं म्हणावं.

"अरे, यातला मेलेला कुत्रा कुणाचा?"

"ते मला काय माहीत? पण 'क'मध्ये आहे, शोधायला सोपं."

इतक्यात पोस्टमास्तर येऊन खुर्चीत बसले. नानांनी देवाचं नाव घेऊन विचारलं, "कुत्रा काय म्हणतो?" पोस्टमास्तरांनी रुमाल काढला आणि कटिंग संपेपर्यंत डोळ्यांवरून हलवला नाही.

त्यानंतर दातांचे डॉक्टर आले. नाना आता पुरते धास्तावले होते. डॉक्टरांच्या गालांना फेस लावत ते हळूच म्हणाले, "कुत्र्याचं कळलं. फार वाईट झालं."

"काय झालं?" डॉक्टर ओरडले आणि फेसासकट घराकडे पळत सुटले. दहा मिनिटांनी धापा टाकत परत आले. "जेवतोय तो! नाना, तुम्हाला सांगितलं कुणी?"

मग नानांनी सगळं कबूल केलं. बाकावरच्या मंडळींना फाइल मोठ्याने वाचून दाखवली आणि ज्याची त्याने आपापली ओळ सांगायची, असं ठरलं. 'केस भरपूर' ही ओळ एकाचीच होती, पण हात तीन वर झाले. नानांनी ती तिघांनाही देऊन टाकली. 'थापा मारतात, नुसती मान डोलवावी' या ओळीला मात्र सगळे छताकडे बघू लागले.

"ही जुनी असेल," नाना म्हणाले आणि पुढे सरकले.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाची फाइल वेगळी आहे. पण लोकांना त्याची चटकच लागली. जो तो आधी आपली फाइल उघडतो, काहीतरी खोडतो, काहीतरी वाढवतो. गणिताच्या सरांनी तर स्वतःबद्दल चार पानं लिहिलीत आणि पाचवं चालू आहे. कॉम्प्युटरपुढे रांग असते, खुर्ची रिकामी, आणि नाना कात्री घेऊन हाका मारतात, "अहो, केसही कापायचेत ना?"