दाताचं वय

भक्तीनं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि पिशवीतून रिपोर्टच्या आधी कुंकवाची नवी डबी काढली. पुण्याहून ताडकळसपर्यंत तिनं ती उगीच चार वेळा उघडून पाहिली होती.

सारजाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला.

“बोडक्या कपाळाला कुंकू आनलंस व्हय गं, भक्ते?”

“काकू, त्यो दात काकांचा न्हाई.”

दोन महिन्यांपूर्वी भक्तीचे वडील बन्सीधर विहीर खोल करत असताना तळाच्या चिकणमातीत माणसाची हाडं निघाली. कवटीचा पुढचा दात अर्धा तुटलेला. बन्सीधरांचा थोरला भाऊ, सारजाबाईंचा नवरा सटवाजी, ऊसतोडीहून परतताना बावीस वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. त्याचाही पुढचा दात अर्धाच होता. गावाला एवढा पुरावा बास झाला. विहिरीच्या तळाखाली पाच हात मातीत माणूस शिरला कसा, हे कुणी विचारलं नाही. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, हाडं जुनी दिसतात. बन्सीधर म्हणाले, “भाऊ बी जुनाच हाय.”

हाडं पोलीस ठाण्यात राहिली. एक दात वय काढायला पुण्याला गेला, भक्ती नोकरीला होती त्याच प्रयोगशाळेत. बन्सीधरांना तेवढा दम नव्हता. त्यांनी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला, दहावा घातला. पिंडाला कावळा पहिल्याच हाकेला शिवला. इतकी वर्षं उपाशी असलेला माणूस आढेवेढे घेत नाही, असं सगळे म्हणाले. किती वर्षं, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

“मोठ्या देशांनी साठेक वर्सांमागं हवेत बाँब फोडले,” भक्ती सांगू लागली. “त्याचा कार्बन हवेतून पिकात गेला, पिकातून मानसात. समुद्रातल्या पोवळ्यात बी सापडतो. काका त्याच्यानंतर जन्मले, म्हंजी त्यांच्या दातात ती खूण पायजे. ह्या दातात न्हाई. मेल्यावर अंगातला जुना कार्बन वर्सागनिक घटतो; त्यो मोजला, तर ह्यो मानूस अकराशे वर्सांमागं मेलेला हाय.”

“अकराशे.” सारजाबाईंनी एक खडा वेचून बाजूला ठेवला. “आन मी त्येच्यासाठी बांगड्या फोडल्या.”

भक्तीनं हसू गिळलं.

“काय खात व्हता, ते कळतंय का तुमच्या मशीनला?”

“कळतं. ज्वारी.”

“मंग आपल्यातलाच हाय. दहावा वाया न्हाई गेला.” त्यांनी आणखी एक खडा वेचला. “रोज हेच करतीस का तिथं? मेल्यांची वयं काढायचं?”

“न्हाई. समुद्राच्या पान्याचं वय काढते. तळाला गेलेल्या पान्याला वरची हवा लागून किती वर्सं झाली, ते मोजायचं. काही पानी हजार-हजार वर्सं वर येत न्हाई.”

“पर येतंय?”

“येतं, काकू.” भक्तीनं डबी पुढं सरकवली. “काका असतील कुठं तरी. लावा तुमी कुंकू.”

सारजाबाईंनी डबीला हात लावला नाही. ओसरीकडं एकदा पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

“ह्यो कागद कुनाला दावलास?”

“तुमालाच. ठाण्यात सोमवारी जाईल.”

“आज कोन वार?”

“गुरुवार.”

त्यांनी सूप उचललं, दोनदा पाखडलं. कोंडा दारातून बाहेर उडाला.

“बावीस वर्सं दाराला आतून कडी लावली न्हाई मी,” त्या सुपाकडं बघत म्हणाल्या. “येतील आन बंद दार बघून माघारी जातील म्हनून. कुत्रं शिरलं तरी उठून बसायचे. दहावा झाला त्या दिशी कडी लावली, आन ऊन अंगावर येस्तोवर झोपले. तवापासून रोज झोपायले.”

भक्तीनं रिपोर्ट परत पिशवीत सारला.

“सोमवारपातुर कुनाला सांगू नको, बाई,” सारजाबाई म्हणाल्या. “चार रात्री हायेत अजून.”