अकरावा प्रश्न

सालेकशाजवळच्या त्या गावात बायकांच्या आरोग्याची पाहणी करायला एका संस्थेने गावातलीच सहा तरुण पोरं-पोरी घेतली आणि 'सहसंशोधक' अशी ओळखपत्रं त्यांच्या गळ्यात घातली. नुसतं घरोघर विचारायचं नव्हतं, प्रश्नही त्यांनीच काढायचे होते. अकरावा प्रश्न त्या सहांपैकी रचनाचा: 'अंगावर काढलेलं, कुणालाच न सांगितलेलं काही दुखणं आहे का?' संस्थेच्या ताईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. आठवडाभर पोरीचे पाय जमिनीला लागेनात.

नियम एकच होता: आपल्या घरचा फॉर्म दुसऱ्याने भरायचा. त्याप्रमाणे सहांतलीच मैत्रीण गुंजन रचनाच्या घरी निघाली, तर रचनाने तिला वाटेतच थांबवलं.

"कायले उन्हात येतेस वं? माया घरचं मले मालूम नाही का? मीच भरून टाकीन."

हुशार माणसांना नियम नेहमी दुसऱ्यांसाठीच वाटतात. तिने ओट्यावर बसून पाच मिनिटांत आईचा फॉर्म भरला आणि अकराव्या प्रश्नापुढे लिहिलं, 'नाही'. आई पार्वताबाई दहा पावलांवर मोहफुलं वाळत घालत होती. हाच प्रश्न रचनाने गावातल्या चाळीस बायकांना हात हातात घेऊन विचारला होता. शेजारची शामकलाकाकू तर तिच्या खांद्यावर रडली होती.

धान कापणीला आलं तेव्हा पार्वताबाईच्या छातीतली गाठ घरात कळली, तीही दुखणं सोसवेना म्हणून. गोंदियाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कब से है?"

"मोह पडत होता तवापासून," पार्वताबाई म्हणाली. "तवा बोरायेवढी होती."

डॉक्टर रचनाकडे वळून म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर थोडक्यात निभावलं असतं. आता खात्री देता येत नाही.

परतीच्या बसमध्ये रचनाला रडू आवरेना. "मले काऊन नाही सांगतलं, आई?"

पार्वताबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"शामकलानं सांगतलं होतं, फारमात तसा सवाल हाये म्हणून. लाज वाटे, पण कोणी इचारलं तं सांगून टाकीन म्हटलं. आंगन सारवलं, हिरवं लुगडं नेसली, तीन दिवस वाट पाहिली. मंग तूनंच म्हटलं, आपल्या घरचा फारम झाला."