विब्केची पहिली चार पानं

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. पण जुनी म्हणून माझी कीव करायला बसू नका, ते मला खपत नाही. माझं पोलाद झोलिंगेनचं, सुऱ्या-कात्र्यांसाठी नावाजलेल्या गावचं. भट्टीत तापून, घणाचे घाव सोसून, सहाणेवर घासून घेऊन मी उभी राहिले. माझ्या घराण्यात कोणी टिनपाट नाही. शिक्षण म्हणाल तर बेताचंच. अक्षरं मला दिसतात ती कापताना, तीही पात्याच्या दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी. तरी निबंध कसा लिहावा यावर मी बोलणार आहे, आणि तुम्ही ऐकणार आहात.

माझी उमेदीची वर्षं विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या ल्यूडर्स सरांकडे गेली. तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. सर लेख टंकून घ्यायचे, मग खोलीचं दार लावून परिच्छेद न् परिच्छेद माझ्याकडून वेगळा करून घ्यायचे. तुकडे जमिनीवर पसरायचे आणि नुसत्या मोज्यांनी त्यांच्यामधून फिरायचे. प्रत्येक तुकड्याला मोठ्यानं विचारायचे, "तू इथे काय करतोयस?" ज्याचं उत्तर मिळेना तो टोपलीत. कधी शेवटचा तुकडा उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवायचे आणि स्वतःशीच हसायचे. "ही नसती तर माझं एकही पुस्तक झालं नसतं," असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय. कात्रीला कुठले कान, म्हणून विचारू नका. बोटं घालता ना ज्यात, तेच.

सर गेले. घरच्यांनी मला 'हवं ते घेऊन जा' असं लिहिलेल्या खोक्यात घालून फुटपाथवर ठेवलं, फुटक्या किटलीच्या शेजारी. विब्के नावाच्या विद्यार्थिनीनं उचललं, म्हणून तिचं भलं चिंतायला हवं. पण तिनं केलं काय? स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. मी पिझ्झा कापला. क्वार्कवर, म्हणजे इकडच्या चक्क्यावर, भुरभुरायची कांद्याची पात चिरली. काकडीच्या लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा उचकटलं. मी! झोलिंगेनची!

आणि त्याच स्वयंपाकघराच्या टेबलावर पोरगी निबंध लिहीत होती. आमच्याकडे सत्र संपून सुट्टी लागली की निबंधांचा मोसम सुरू होतो. विब्केचा हा तिसरा प्रयत्न. त्या निबंधात ती आधी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की इतिहास हा विषय कायमचा बंद. या विद्यापीठात नाही, की देशातल्या दुसऱ्या कुठल्याही नाही.

विषय सरळ होता. फार वर्षांपूर्वी एका लहान गावानं दारात आलेली रेल्वे नको म्हटलं. का? बस्स, एवढंच सांगायचं. पण ही 'का'कडे वळेल तर शपथ! वाचनालयातून पुस्तकं वाहून आणायची, दिसेल ते उतरवून घ्यायची आणि कुठून घेतलं ते टिपायला विसरायची. निबंध सुरू कुठून? तर वाफेच्या इंजिनाच्या शोधापासून! पहिली चार पानं नुसतं इंजिन. तिचे आजोबा इंजिन ड्रायव्हर होते, त्यांची सगळी माया तिथे ओतलेली. तीच पानं ती रोज घासूनपुसून पुन्हा लिहायची. मी ड्रॉवरमध्ये तडफडत होते. अगं बाई, मला काढ! ड्रॉवर उघडायचा, हात चमच्याकडे जायचा.

तिच्याच घरात भाडं वाटून टोर्बेन राहायचा, भूगोल शिकणारा. त्या संध्याकाळी भांडी घासायची पाळी त्याची होती, म्हणून तो टेबलाभोवती घुटमळत होता.

"कुठवर आलं गं?"

"झालंय. फक्त सुरुवात चकचकीत करतेय."

"महिनाभर तेच करतेयस. वाच बघू."

तिनं वाचलं. टोर्बेननं जांभई दाबली, पण ती दिसलीच.

"यात गाव कधी येतं?"

"येईल ना! आधी पार्श्वभूमी नको?"

"मला झोप यायच्या आत सांग. गावानं रेल्वे का नाकारली?"

"कारण कारभाऱ्यांतले निम्मे घोडागाड्यांचे मालक होते!" ती चिडली. "लोकांना सांगायचे, धुरानं गाई आटतील. आमचा धंदा बुडेल, असं कोण बोलणार?"

"हे कुठे लिहिलंयस?"

"शेवटच्या पानावर."

"अगं, राउटेनबर्ग बाईंना तिथवर पोचू तर दे!"

राउटेनबर्ग बाई म्हणजे तपासणाऱ्या. मागच्या वेळी त्यांनी समासात लिहिलं होतं: वाचन भरपूर, तुमचं म्हणणं काय?

विब्के रडकुंडीला आली. तिनं सगळी पानं छापून आणली, टेबलावर आपटली आणि ड्रॉवर उघडला. या वेळी हात माझ्याकडे आला. धार बोथट, पात्यावर चीज वाळलेलं. तरी मी चालले. परिच्छेद सुटे झाले. शेवटचं पान पहिलं झालं. एका तुकड्यापाशी ती अडली.

"हे वाक्य माझं की पुस्तकातलं?"

"तुला माहीत नाही तर मला काय माहीत? असंच दिलंस तर चोरी म्हणतील."

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात जाऊन त्याचा मालक शोधून आली. ज्या वाक्यांचे मालक सापडले नाहीत ती केराच्या डब्यात गेली. मग उरली ती इंजिनाची चार पानं. त्यातलं पहिलं पान पात्यांत धरून ती थांबली.

"आजोबांना काय वाटेल रे?"

"तू पास झालेली आवडेल त्यांना."

"तू ओळखत नव्हतास त्यांना. त्यांना इंजिनच जास्त आवडलं असतं," ती म्हणाली, आणि तिनं कापलं.

विब्के पास झाली. काठावर नाही, बऱ्यापैकी. बाईंनी लिहिलं, 'आता कळलं. मधली दोन पानं मात्र अजून ढिली आहेत.' ढिली होतीच! मी त्या पानांवर अडून अडून सांगत होते, पण त्या दोघांना भूक लागली होती.

मित्रांनो, लिहायला बसण्याआधी आपलं उत्तर कुणाला तरी एका दमात सांगून पाहा. दुसऱ्याचं वाक्य घेतलंत तर त्याचं नाव तिथल्या तिथे टिपा, उद्यावर टाकू नका. आणि घरातल्या जुन्या कात्रीला निदान पुसून, धार लावून ठेवा. मला तर ती धार लवकरच लागणार आहे. टोर्बेननं आता स्वतःचा निबंध घेतलाय. विषय आहे गावातला गेल्या वर्षीचा पूर, आणि पठ्ठ्यानं सुरुवात केलीय हिमयुगापासून.